मुलांसाठी कोड्यांच्या खेळांची निवड

गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी आहे, तर दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी. दाभोळ ते धोपावे आणि जयगड ते तवसाळ या दोन ठिकाणी आज मोटारगाड्यांसह माणसे पलीकडे नेणारी फेरीबोट चालते. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ही ये-जा तरीवर होत असे. या दोन खाड्यांमधील किनाऱ्यावर, गुहागर आणि हेदवी यांच्या दरम्यान, वेळणेश्वर वसले आहे. समोर अर्धचंद्राकृती पुळण, तिला लागून नारळी-पोफळीच्या बागा, श्री वेळणेश्वराचे शिवमंदिर आणि पाठीशी डोंगर. तरीत जागा मोजकी असते, सर्वांना एकाच खेपेत जाता येत नाही आणि कोणी आधी, कोणी मागून जावयाचे हे काठावरच ठरवावे लागते, या गोष्टी अशा मुलखातील मुलास पुस्तकातून शिकवाव्या लागत नाहीत.

म्हणूनच तरीचे जुने कोडे येथून आरंभ करण्यास उत्तम. वाघ, शेळी आणि गवताचा भारा घेऊन एक माणूस खाडीकाठी आला. होडी लहान असल्याने त्याच्याखेरीज तीत एका वेळी एकच मावते. तो जवळ नसेल तर वाघ शेळीस खाईल आणि शेळी गवत खाईल. तिन्ही पलीकडे सुखरूप कशी न्यावयाची? युरोपात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी यांच्या रूपाने सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन संग्रहात आढळते. साहित्य म्हणाल, तर वाघासाठी एक खडा, शेळीसाठी शिंपला, गवतासाठी झावळीची काडी आणि खाडी म्हणून जमिनीवर ओढलेल्या खडूच्या दोन रेघा एवढे पुरे.

पहिली खेप बहुतेक मुलांना साधते. शेळी प्रथम न्यावयाची, हे उघडच असते. दुसऱ्या खेपेस वाघ न्या किंवा गवत न्या, पलीकडच्या तीरावर अनर्थ ठरलेलाच. मूल अडते ते येथे. एकदा पैलतीरी पोचविलेली शेळी पुन्हा अलीकडे आणावयाची, हा विचार त्याच्या मनास शिवत नाही. कारण केलेले काम मोडणे म्हणजे चूक, असे त्याला आजवर शिकविण्यात आलेले असते. तो विचार सुचला की सात खेपांत सर्व पार होतात. सुचावयास कोणास पाच मिनिटे लागतात, तर कोणास दोन दिवस. या मधल्या काळात मूल काय करते, यावरच अशा खेळाचे मोल ठरते. जे शिक्षक वा पालक दुसऱ्याच मिनिटास उत्तर सांगून टाकतात, ते मुलाला उत्तर देतात आणि खेळ काढून घेतात.

पावसाळ्याचे चार महिने

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पुळणीवरील हुतूतू, लगोरी आणि विटीदांडू तेव्हा बंद होतात. मुले पडवीत येतात आणि पडवीतील मुलाच्या हाती आज सहजपणे येते ती वस्तू म्हणजे घरातील मोबाइल. कोड्यांचे खेळ त्यावरही मिळतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु अडलेल्या मुलासमोर तेथे लगेच सूचनेची कळ येते, पुढचा टप्पा झगमगू लागतो आणि शेजारी बसलेल्या भावंडास केवळ पाहत राहावे लागते. पाच वर्षांखालील मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, तो काळ जितका कमी तितके बरे आणि त्याहून लहानांना पडदा दाखवूच नये.

दुसरी बाब विजेची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. शाळा तर मार्चपासूनच साथीमुळे बंद होत्या. दूरध्वनीचे मनोरे मुके झालेल्या त्या दिवसांत ज्या घरांतील आजीला पट मांडता येत होता, तेथील मुलांचे दिवस निराळे गेले असतील, हे कोणासही समजण्याजोगे आहे.

कोणता खेळ कोड्याचा आणि कोणता नशिबाचा

खेळ विकत घेताना वा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा : या खेळात मुलाला काही ठरवावे लागते काय? सापशिडीचे उदाहरण घ्यावे. फासा पडेल तितकी घरे सोंगटी चालते. खेळणाऱ्याने ठरवावयाचे असे तीत काहीच नाही. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटाचा, ज्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे जाते, हेतूच वेगळा होता. पाप-पुण्याच्या पायऱ्या दाखविण्याचे ते साधन होते. पहिली-दुसरीतील मुलास शंभरपर्यंतची मोजणी पक्की करण्यास सापशिडी चांगलीच, तथापि तिची गणना बुद्धीच्या खेळांत करून शाळेची गरज भागली असे मानणे बरोबर नव्हे. सारीपाटात नशीब आणि निर्णय यांची मिसळ आहे : कवड्यांचे दान हाती नसते, पण कोणती सोंगटी चालवावयाची हे खेळणाराच ठरवितो. वाघ-शेळी, नवकंकरी आणि बुद्धिबळ यांत दानाचा भाग मुळीच नाही. हरणाऱ्यास तेथे फाशाला दोष देता येत नाही. म्हणून हे खेळ थोड्या मोठ्या, हरणे सोसू लागलेल्या मुलांना द्यावेत. साधारणतः आठव्या-नवव्या वर्षी ती ताकद येते. काही मुलांत ती बाराव्या वर्षीही नसते आणि प्रौढांतही सर्वांत असते असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : चूक कोण दाखविते? चांगल्या खेळात ती साहित्यातूनच दिसते, मोठ्या माणसाने सांगावी लागत नाही. माँटेसरी पद्धतीचे हे एक मुख्य सूत्र आहे आणि ताराबाई मोडक यांनी ते महाराष्ट्राच्या खेड्यात रुजविले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई १९४५ साली बोर्डी येथे गेल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातील त्या किनाऱ्यावर, आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह काम करताना, परदेशी धर्तीची महाग साधने खेड्यास परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांपासून शैक्षणिक साधने घडविली. या गोष्टीस कित्येक दशके लोटली. वेळणेश्वरच्या पुळणीवर तीच सामग्री आजही विनामूल्य पडलेली आहे.

या कसोटीस उतरणारा एक खेळ घरातील वाट्यांचा आहे. फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका याने १८८३ साली तीन खुंट आणि चकत्यांचे एक कोडे प्रसिद्ध केले. खुंटांऐवजी जमिनीवर तीन चौकोन आखावेत आणि चकत्यांऐवजी एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या वा घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या घ्याव्यात. एका वेळी एकच वाटी उचलावयाची, मोठी वाटी लहान वाटीत ठेवावयाची नाही आणि सर्व वाट्या पहिल्या चौकोनातून तिसऱ्यात न्यावयाच्या. मोठी वाटी लहानीत बसतच नसल्याने नियम मोडला की वाटीच तसे सांगते. तीन वाट्यांना कमीत कमी सात चाली लागतात, चार वाट्यांना पंधरा, पाचांना एकतीस. प्रत्येक वेळी आधीच्या संख्येची दुप्पट आणि वर एक, हे मुलांनी स्वतः हेरले तर त्यांना ते आयुष्यभर विसरता येणार नाही.

घरचे पट

वाघ-शेळीचा पट गावोगावी वेगळा असतो आणि सोंगट्यांची संख्याही बदलते. दक्षिण भारतात तीन वाघ व पंधरा शेळ्यांचा प्रकार रूढ आहे. नेपाळमधील बाघचालमध्ये पंचवीस स्थानांवर चार वाघ आणि वीस शेळ्या असतात. तत्त्व एकच : वाघ शेळीवरून उडी मारून तिला मारतो, शेळीला मारता येत नाही, पण सर्व शेळ्या मिळून वाघाची वाट अडवू शकतात. एकटी पुढे गेलेली शेळी मरते, पाठीशी दुसरी उभी असलेली वाचते. प्रत्येक डावानंतर बाजू बदलणे या खेळात अत्यावश्यक आहे. नेहमी वाघच होऊ पाहणारे मूल प्रत्येक वर्गात असतेच, आणि शेळ्यांची बाजू घेऊन जिंकल्यावर त्याला खेळ खऱ्या अर्थाने कळतो.

नवकंकरीसाठी एकात एक तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्य जोडावयाचे असतात. त्यामुळे चोवीस स्थाने होतात. प्रत्येकाकडे नऊ खडे; आळीपाळीने ते मांडावयाचे, मग रेघेने शेजारच्या मोकळ्या स्थानी सरकवावयाचे, आणि तीन खडे एका ओळीत आले की प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास डाव बरोबरीत सुटतो, असे १९९३ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करण्यात आले. पडवीत बसलेल्या दोन मुलांना मात्र त्याने काही बाधा येत नाही. असे पट नाशिकच्या पांडवलेण्यांतील दगडी फरशीवरही कोरलेले आढळले आहेत. खळग्यांत बिया पेरीत जाण्याचा जो खेळ कर्नाटकात अळगुळी मणे व तामिळनाडूत पल्लांगुळी म्हणून प्रसिद्ध आहे, तोही येथे सहज खेळता येईल. जमिनीत बोटभर खोल खळगे केले की पट तयार होतो. दृष्टिहीन मूल हा खेळ केवळ हाताच्या स्पर्शाने इतरांच्या बरोबरीने खेळू शकते, हा त्याचा मोठा गुण आहे आणि शाळांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

एक जुनी सवय मात्र सोडावयास हवी. सागरगोटे मुलींचे आणि पट मुलांचे, अशी वाटणी अनेक घरांत अजून चालते. बोटांची चपळाई मुलग्यांनाही हवी असते आणि डाव आखण्याची बुद्धी मुलींतही तितकीच असते. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा जिंकली, हे पडवीतील चर्चेत सांगण्याजोगे आहे.

अंकांची कोडी

डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शाळाशिक्षक होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. हे परांजपे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. कापरेकरांनी हयातभर अंकांशी खेळ केला. आगगाडीच्या प्रवासात सुचलेल्या एका संख्याप्रकारास त्यांनी ‘डेम्लो’ हे स्थानकाचे नावच देऊन टाकले. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी मांडलेला शोध चौथीच्या मुलासही करून पाहता येतो. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी; तिच्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करावी; आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७. ८७३० मधून ०३७८ जाता ८३५२. ८५३२ मधून २३५८ जाता ६१७४. त्यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ हेच येत राहते, आणि कोणत्याही संख्येपासून निघाले तरी सातव्या वजाबाकीपर्यंत तेथे पोचता येते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून या कामाची ओळख जगास करून दिली.

तिसरीच्या मुलांना तीन अंकी संख्या द्यावी. तेथे ४९५ हा मुक्काम आहे. हातच्याच्या वजाबाक्यांची पाने भरून घेण्यास कंटाळणारी मुले या खेळात दहा-दहा वजाबाक्या आपण होऊन करतात, कारण उत्तर चुकले की मुक्काम लांबू शकतो. चूक दाखविणारे कोणी बाहेरचे लागत नाही, ही कसोटी येथेही लागू पडते.

जादूच्या चौरसाचीही तीच गोष्ट. एक ते नऊ हे अंक नऊ घरांत असे भरावयाचे की उभी, आडवी व तिरकी प्रत्येक बेरीज पंधरा व्हावी. पंधराच का आणि मध्यभागी पाचच का, हे पुढचे प्रश्न मोठ्या मुलांसाठी ठेवावेत. नारायण पंडिताने १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांचे विस्तृत विवेचन आहे. वर्तमानपत्रांत रोज येणारे सुडोकू हे याच कुळातले. कात्रणे जपून ठेवली तर शाळेस पैसाही खर्च न होता वर्षभराचा साठा मिळतो.

जोडचित्रे

अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी चित्राचे तुकडे जोडण्याचा खेळ सर्वांत सोयीचा. जुन्या दिनदर्शिकेवरील चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून प्रथम चार तुकडे करावेत. ते सहज जमू लागले की सहा, मग नऊ. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात नकाशे फळीवर चिकटवून प्रदेशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकविण्यासाठी विकले, तेथून हा खेळ निघाला. तोच धागा पकडून शाळांनी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा करून घ्यावा. जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके आहेत. गावातील सुताराकडून पातळ प्लायवूडवर नऊ तुकडे कापून घेतले की झाले. गुहागरचा तुकडा दापोली आणि रत्नागिरी यांच्यामध्ये बसवताना दोन्ही खाड्या मुलाच्या बोटाखालून जातात. चीनमधून आलेला सात तुकड्यांचा टॅनग्राम, म्हणजे पाच त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन, जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यातून याहून स्वस्तात निघतो.

विकत घेताना

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असणे बंधनकारक करण्यात आले. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणीकृत असलेल्या कारागिरांनी बनविलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी घेताना कारागिराची ही नोंदणी पाहून घ्यावी. चिन्ह नसलेला, उग्र वासाचा, रंग बोटास लागणारा माल स्वस्त असला तरी घेऊ नये.

तीन वर्षांखालील मुलाजवळ लहान तुकडे असता कामा नयेत. त्यासाठीच्या चाचणीतील नळकांड्याचा आतील व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू बालकाच्या घशात अडकू शकते. सागरगोटा, चिंचोका, कवडी ही सर्व त्यात मावतात. घरी रांगते मूल असेल तर पट उंचावर मांडावा आणि डाव संपताच सोंगट्या मोजून ठेवाव्यात. याहून मोठा धोका गुंजांचा. कोकणातील कुंपणांवर सापडणारी ही लाल-काळी देखणी बी सोंगटी म्हणून मुलांना मोहविते. पण ती अतिशय विषारी आहे, आणि चावली वा फुटली गेली तर जिवावर बेतू शकते. खेळाच्या साहित्यात गुंज आणि एरंडी यांना मुळीच स्थान देऊ नये. कोणी चुकून खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास थेट रुग्णालयात न्यावे.

कपाटातील खेळ

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक वर्गास आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य पुरविणे शाळेच्या किमान निकषांत समाविष्ट केले आहे. साहित्य येतेही. अनेक शाळांत ते कपाटात असते आणि कपाटास कुलूप असते. याबद्दल केवळ शिक्षकांना बोल लावणे अन्यायाचे होईल. जडसंग्रह नोंदवहीत चढविलेल्या पेटीतील एक तुकडा हरवला, तर तपासणीच्या वेळी उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. न वापरलेल्या पेटीबद्दल मात्र कोणीही विचारीत नाही. जेथे हरवणे गुन्हा आणि न खेळणे निर्दोष ठरते, तेथे कुलूप लागणारच. रत्नागिरी जिल्ह्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. चार इयत्ता एका खोलीत आणि शिक्षक एक वा दोन. एका इयत्तेस शिकवीत असताना इतर मुलांनी स्वतः करीत बसावे असे काम ज्या वर्गात सर्वाधिक लागते, नेमके त्याच वर्गातील पेटी बंद राहते.

तपासणी अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत पेटीतील तुकडे मोजण्याआधी एखाद्या मुलाला पट मांडावयास सांगितले, तर कपाटे लवकर उघडतील. खेळ निवडतानाही हरवलेला भाग गावात पुन्हा मिळेल वा करता येईल असाच खेळ घ्यावा. पाचशे तुकड्यांच्या चकचकीत जोडचित्रातील एक तुकडा गेला की सारे वाया जाते. नवकंकरीचा खडा गेला तर अंगणात दुसरा असतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवण्यात येणाऱ्या दहा टक्के रकमेतून अंगणवाडीसाठी प्लायवूडचे नकाशे, पुठ्ठे व सुताराची मजुरी एवढा खर्च सहज निघण्यासारखा आहे. शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठराव करून पंचायतीपुढे ठेवावा.

हे काम मे महिन्यात करणे इष्ट. त्या वेळी सुतार मोकळा असतो, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात आणि घरोघरी पटाचे जुने नियम ठाऊक असलेली वडीलधारी मंडळी ओटीवर भेटतात. त्यांच्याकडून आपल्या वाडीतील वाघ-शेळीचा पट नेमका कसा होता, वाघ किती व शेळ्या किती, हे मुलांनी विचारून वहीत उतरवून घ्यावे. मृगाच्या सरी सुरू होण्यापूर्वी शाळेच्या पडवीतील फरशीवर तो पट आणि नवकंकरीचे तीन चौकोन तैलरंगाने पक्के रंगवून ठेवावेत. फरशीवरील पटास कुलूप लावता येत नाही.